हेमराज वयाबाहेर गेला त्याची गोष्ट

माणूस वयात येतो पंधराव्या-सोळाव्या वर्षी आणि वयाबाहेर जातो त्रेचाळिसाव्या. मधल्या काळाला पूर्वी तारुण्य म्हणत, आता तयारी म्हणतात. ही व्यवस्था अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. या वयात माणसाच्या हातून ज्या चुका हमखास होतात, म्हणजे लग्न करणे, धंदा काढणे, मोठ्यांना उलट बोलणे, त्या सगळ्या तयारीमुळे आपोआप टळतात. (खुल्या प्रवर्गातल्या उमेदवारांना हे संरक्षण पाच वर्षं कमी मिळतं. त्यांची तक्रार रास्तच आहे.)

चामोर्शी तालुक्यातल्या चिचघाटच्या हेमराजने या संरक्षणाचा पुरेपूर लाभ घेतला.

चिचघाट हे वैनगंगेच्या काठावरचं मासेमारांचं गाव. हेमराजचा बाप केवळराम डोंगा चालवायचा, जाळी टाकायचा, आणि मार्कंड्याच्या जत्रेत यात्रेकरूंना नदीपार करायचा. धाकटा भाऊ प्रफुल दहावीत नापास झाला, त्यामुळे घरात एक तरी माणूस कमावता राहिला. हेमराज मात्र लहानपणापासून हुशार. बी. ए. पहिल्या वर्गात पास झाला त्या दिवशी केवळरामने अख्ख्या गावाला मासे-भात घातला आणि जाहीर केलं, "पोरगा माहा साहेब होनार हाये." तारीख सांगितली नव्हती, त्यामुळे हे विधान पुढे कित्येक वर्षं खरंच राहिलं.

हेमराज स्पर्धा परीक्षेसाठी चंद्रपूरला आला आणि भैयाजींच्या अभ्यासिकेत दाखल झाला. ही जागा पूर्वी कोंबडीखाद्याचं गोदाम होती. पुढे भैयाजींच्या लक्षात आलं की कोंबड्यांपेक्षा उमेदवार बरे. ते आवाज करत नाहीत, आणि विकायची वेळ येत नाही. त्यांनी भिंतीला पिवळा रंग मारला, थोरामोठ्यांची वचनं लावली, आणि दारावर निकाल लिहिला. अभ्यासिकेचा निकाल आजही उत्कृष्ट आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव उमेदवार पुढच्या वर्षी नक्की अधिकारी होतात. उरलेले दोघे यंदा होतात.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात अभ्यासिकेची खरी घटना म्हणजे कुलर. कुलर एकच. त्याच्या थेट समोरची खुर्ची कुणाला मिळावी, हा प्रश्न गुणवत्तेवर सोडला असता तर मारामाऱ्या झाल्या असत्या. म्हणून तो सेवाज्येष्ठतेवर सोडला होता. जो सर्वांत जास्त वेळा नापास, त्याला सर्वांत जास्त हवा. हेमराज सुरुवातीला संडासाजवळच्या खुर्चीवर बसला, मग खिडकीशी, मग खांबाशी, असं करत करत छत्तिसाव्या वर्षी कुलरसमोर पोचला. त्याच्या आयुष्यातली ही एकमेव पदोन्नती, आणि ती कुठल्याही वशिल्याशिवाय झाली होती.

त्याला कमी लेखू नये. पूर्वपरीक्षा तो हसतखेळत काढायचा. मुख्य परीक्षा त्याने दोनदा पार केली. एकदा मुलाखतीपर्यंत गेला आणि दीड मार्काने राहिला. दहा मार्कांनी राहिलेला माणूस घरी जातो. तो बिचारा दुकान टाकतो, बायको आणतो, सुखी होतो. दीड मार्काने राहिलेल्याला घरी जाता येत नाही. अभ्यासिकेत हेमराजला सगळे 'दीड मार्कवाले सर' म्हणत, आणि त्या म्हणण्यात स्वातंत्र्यसैनिकाबद्दल असावा तसा आदर असे.

चिचघाटनेही त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकला होता. नाल्यावर पूल नव्हता. शाळेचं छप्पर गळत होतं. मत्स्यसंस्थेच्या तलावात भलतेच लोक जाळी टाकत होते. पण गावाने इतक्या वर्षांत कुणाला एक निवेदन दिलं नाही. घरचाच साहेब येणार असताना परक्याच्या पाया कशाला पडायचं? "हेमराज होऊ दे मंग पाहू," असं म्हणून लोक नाल्यातून चिखल तुडवत जात. पावसाळ्यात गर्भार बाई खाटेवर घालून पलीकडे न्यावी लागली, तेव्हासुद्धा खाट धरणाऱ्यांनी एकमेकांना हेच सांगितलं.

आणि नीलिमा होती.

नीलिमा मूल गावची. ती एके काळी हेमराजच्या शेजारच्या टेबलावर बसायची. दोघांचं जमलं, आणि दोघांनी समंजसपणे ठरवलं की आधी पोस्ट, मग लग्न. चौथ्या प्रयत्नानंतर नीलिमाने पुस्तकं बांधली आणि अभ्यासिकेच्या मागच्या गल्लीत खानावळ काढली. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. हुशार पोरगी वाया गेली, असं जे जे म्हणाले ते सगळे दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे जेवायला लागले. हेमराजही जेवायला लागला. लग्नाचं ठरलेलं होतंच. फक्त पोस्ट व्हायची राहिली होती.

आता जन्मतारखेचं. चिचघाटच्या शाळेत त्या काळी जे गुरुजी होते त्यांना तारखा शोधत बसायला आवडत नसे. त्यांनी सगळ्या गावाचा जन्म एक जुलैला झालेला लिहून टाकला. हेमराजची आई कुंता सांगते, की तो महाशिवरात्रीला झाला, जत्रेच्या गर्दीत, आणि मार्कंड्याची घंटा वाजत होती. पण शासन घंटेवर विश्वास ठेवत नाही. म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षाच्या एक जुलैला, सकाळी उठल्याबरोबर, हेमराज वयाबाहेर गेला.

अभ्यासिकेने त्याला रीतसर निरोप दिला. शाल, श्रीफळ, आणि भैयाजींचं भाषण.

"हेमराजभाऊ जाऊन राह्यले," भैयाजी म्हणाले आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले, "तं असं वाटते का अभ्यासिकेचा खांबच जाऊन राह्यला. एवढ्या वर्षांत यायनं एक दिवस फी बुडवली नाई."

नोकरीला न लागता सेवानिवृत्त होण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. टाळ्या जोरात पडल्या. सगळ्यांत जोरात हरिदासच्या. हरिदास हा ज्येष्ठतायादीतला दुसरा. टाळ्या थांबायच्या आत तो आपली बॅग घेऊन कुलरसमोर बसलाही.

नीलिमाने शेवटचा डबा दिला. "आता?" तिने विचारलं.

"आता गावाले जातो. काय करतो ते पाहतो."

"पाह्य," ती म्हणाली. "पन यावेळी लवकर पाह्य."

हेमराज घरी आला. केवळराम ओसरीत पाठ करून बसला होता. गावातले लोक एकेक करून येऊन बसून गेले. मयताच्या घरी बसतात तसे, हळू बोलत, चहा नको म्हणत.  कुंताने भात टाकला, झिंग्याची भाजी केली, आणि लेकाला वाढताना नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "जेव बापा. पोटभर जेव. आज कोन्ता पेपर नाई."

त्या दिवशी दुपारी हेमराज जेवून आडवा झाला तो दिवेलागणीला उठला. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवडाभर तो झोपला. आईला वाटलं आजारी आहे, तिने अंगारा लावला. आजार वगैरे काही नव्हता. वीस वर्षांपासून त्याच्या छातीत कोणीतरी चालू घडामोडी वाचत बसलं होतं, ते उठून गेलं होतं.

पावसाळा सरल्यावर तो प्रफुलबरोबर नदीवर जाऊ लागला. पहिल्या दिवशी जाळ्यात स्वतःच अडकला. दुसऱ्या दिवशी डोंग्यातून पडला. प्रफुल काठावर पोट धरून हसला, आणि हेमराजच्या लक्षात आलं की आपला भाऊ हसताना कसा दिसतो हे आपण विसरलोच होतो. मासे धरणं त्याला जमलं नाही, विकणं जमलं. चामोर्शीच्या बाजारात तो फडकं अंथरून बसे. गिऱ्हाईक आलं की सवयीने पर्याय देई: "एक, रोहू. दोन, कतला. तीन, मरळ. चार, यापैकी नाही." गिऱ्हाइकं हसत, पण थांबत. चौथा पर्याय फारसा कुणी निवडला नाही. बाजारात त्याला ओळखणारे बरेच होते. ते दुरूनच हळहळत आणि जवळ आल्यावर घासाघीस करत. दिवाळीनंतर तो चंद्रपूरला गेला आणि नीलिमाला म्हणाला, "माघात करू." नीलिमा पोळी लाटत होती. तिने पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगवली, आणि मग "हो" म्हणाली. लग्न मार्कंड्याला, देवळात, साधंच करायचं ठरलं. प्रफुलने मंडप सांगितला.

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. पण शासन झोपलेलं नसतं.

डिसेंबरात बातमी आली. परीक्षा लांबल्यामुळे उमेदवारांचं जे नुकसान झालं, त्याचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, एक वेळची विशेष बाब म्हणून, वयोमर्यादेत एक वर्षाची सूट देण्यात येत आहे. हेमराज बाजारात मरळ तोलत होता, तेवढ्यात तो पुन्हा तरुण झाला.

संध्याकाळी गावात शिरला तर वेशीवर गुलाल. डफ वाजत होता. केवळराम, ज्याने पाच महिने लेकाशी धड शब्द काढला नव्हता, तो पुढे आला आणि त्याने हेमराजच्या कपाळाला गुलाल फासला.

"सरकारनं वय देल्लं बापा!" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "तुह्यासाठी देल्लं!"

दुसऱ्याच दिवशी ग्रामसभा झाली. नाल्याच्या पुलासाठी जी कधी भरली नव्हती ती सभा यासाठी भरली. चर्चेअंती असं ठरलं की हेमराजने तात्काळ चंद्रपूरला जावं, लग्न परीक्षेनंतर करावं, आणि त्याच्या वाट्याचे मासे गावाने विकावेत. कुणीही विरोध केला नाही. हेमराजचं मत विचारायचं राहून गेलं, पण विषयपत्रिकेत ते नव्हतंच.

दोन दिवसांनी भैयाजी स्वतः गाडी करून आले. बरोबर हरिदास. "तुमची खुर्ची तशीच हाये भाऊ," भैयाजी म्हणाले. "हरिदास उठते. काऊन हरिदास?"

हरिदासने मान हलवली. मग त्याने हेमराजला घराच्या मागे नेलं आणि अत्यंत कळकळीने म्हणाला, "सर, माझं ऐका. लग्न करा. आयुष्य एकदाच हाये. पैशा-पदात काय ठेवलं हाये सर?" एवढं शहाणपणाचं बोलणं त्या महिन्यात दुसऱ्या कुणी हेमराजशी केलं नाही. ते कुलरसाठी होतं म्हणून खोटं ठरत नाही.

हेमराज चंद्रपूरला गेला. खानावळीत दुपारची पंगत उठली होती, नीलिमा ओट्यावर पाणी मारत होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

"तुले द्याची हाये का परीक्षा?"

"गाव म्हनून राह्यलं, बाबा म्हनून राह्यले..."

"मी गावाले नाई विचारून राह्यली."

हेमराज बाकावर बसला.  मुलाखतीत त्याला विचारलं होतं, तुम्हाला प्रशासनात का यायचंय? त्याने पाठ केलेलं सांगितलं होतं, जनसेवा वगैरे. आता पाठ केलेलं काहीच आठवेना.

"मले झोप लागून राह्यली नीलिमा," तो म्हणाला. "जुलैपासून. पडलो का झोपतो. अर्ज भरला का ते झोप जाईन."

नीलिमाने हातातला झाडू ठेवला. एवढ्या वर्षांत तिने त्याच्या तोंडून संविधानाची कलमं ऐकली होती, पंचवार्षिक योजना ऐकल्या होत्या. स्वतःबद्दल खरं असं एक वाक्य पहिल्यांदाच ऐकलं.  तिने त्याला ताट वाढलं आणि समोर बसून राहिली.

बापाला सांगणं बाकी होतं. दुसऱ्या सकाळी हेमराज केवळरामच्या डोंग्यात जाऊन बसला. डोंगा मधल्या धारेत पोचला. मग हेमराजने सांगितलं, की तो अर्ज भरणार नाही.

केवळरामने वल्हं थांबवलं. डोंगा धारेबरोबर हळूहळू वाहत चालला.

"दीड मार्कानं राह्यला तू," म्हातारा म्हणाला. "दीड. मी रोज मोजतो. दीड मनजे किती? एवढं?" त्याने चिमूट दाखवली. "एवढ्यासाठी सोडतं?"

"बाबा, मी थकलो."

"मी लोकाईले काय सांगू मंग?"

"सांगा का पोराचं वय झालं."

"वय तं सरकारनं देल्लं ना बापा!" केवळराम म्हणाला आणि रडायला लागला. हेमराजने बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्याने वल्हं हातात घेतलं. त्याला ते नीट चालवता येत नव्हतं, डोंगा गोल फिरू लागला. शेवटी केवळरामनेच डोळे पुसून वल्हं ओढून घेतलं, "आन इकडे, बुडवशीन," म्हणाला, आणि काठाला आणलं.

चिचघाटात माणूस घरकुल नाकारू शकतो, जेवण नाकारू शकतो, देवसुद्धा नाकारू शकतो. प्रयत्न नाकारू शकत नाही. अर्ज भरण्याची मुदत संपली त्या दिवशी गावाने हेमराजशी बोलणं सोडलं. लोकांना त्याचा राग नव्हता, असं तेच सांगत. त्यांना फक्त वाईट वाटत होतं, आणि ते वाईट वाटणं त्याच्या विहिरीवरच्या भांड्यांना, प्रफुलच्या जाळ्यांना आणि कुंताच्या नमस्काराला लागू करण्यात आलं होतं.

लग्नाला मंडप भरला नाही. नीलिमाच्या खानावळीतली पोरं आली, तीही सराव परीक्षा बुडेल म्हणून अक्षता पडताच निघाली. हरिदास मात्र अहेर घेऊन आला आणि शेवटपर्यंत थांबला. केवळराम येणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तो धोतर नेसून आला, खांबाशी उभा राहिला, आणि सून पाया पडायला वाकल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवायला विसरला. मग आठवलं तेव्हा दोनदा ठेवला.

पंधरा दिवसांनी जत्रा आली. केवळराम यात्रेकरूंना पार करत होता. अहेरीकडच्या एका ओळखीच्या माणसाने डोंग्यात विचारलं, "काऊन केवळरामभाऊ, पोरगं झालं का साहेब?"

प्रफुल मागे बसला होता, त्याने जीव मुठीत धरला. केवळरामने दोनदा वल्हं मारलं. मग मान ताठ करून म्हणाला, "सरकार सायबी देऊन राह्यलं होतं. त्यानं घेतली नाई."

 एका बाईने हात जोडले. साहेबांची या जिल्ह्यात वानवा नाही, बदलून येतात आणि बदलून जातात. पण सायबी सोडलेला माणूस कुणी पाहिलेला नव्हता. जत्रा संपेपर्यंत ही गोष्ट नदीच्या दोन्ही काठांना पोचली, आणि चिचघाटच्या लोकांनी, आपण आधीपासूनच असं म्हणत होतो, हे मान्य केलं. हेमराजशी बोलणं पुन्हा सुरू झालं. नाल्याच्या पुलाचं निवेदन त्याच्याकडूनच लिहून घेतलं गेलं. अजून उत्तर नाही, पण निवेदन तरी गेलं.

परीक्षा मे महिन्यात झाली. पेपर सोपा निघाला. इतका सोपा पेपर कित्येक वर्षांत आला नव्हता, असं भैयाजी सांगतात. हरिदासने प्रश्नपत्रिका आणून हेमराजला चामोर्शीच्या बाजारात दिली, सहज, बघायला. हेमराजने हात पुसले, मासे झाकले, आणि तो सगळा पेपर बसल्या जागी मनातल्या मनात सोडवला. मग त्याने तो परत केला. किती बरोबर आले ते त्याने फक्त नीलिमाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या भाजीचं विचारलं.

तो आकडा आम्हाला माहीत आहे. इथे देण्याचं मात्र टाळलं आहे. तुम्हाला तो हवाच असेल, एवढा सोपा पेपर होता तर एकदा द्यायला काय हरकत होती, लग्न काय नंतरही झालं असतं, असं मनात आलं असेल, तर संकोच करू नका. चिचघाटला या. ग्रामसभेची सतरंजी मोठी आहे, आणि तुमच्याच विचारांची माणसं तिच्यावर आधीपासून बसलेली आहेत.